टेस्टच्या आधी नाशिकचे कोणते रस्ते, कोणत्या वेळी

पेठ रोडच्या आरटीओत कारची टेस्ट आहे म्हटलं की माझ्याकडे शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो, "ताई, तिथे नेमकं काय काय करायला लावतात?" त्यांना ठरलेलं उत्तर हवं असतं: एवढं पुढे, एवढं मागे, झालं. मी त्यांच्या हातात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १५ व्या नियमाची झेरॉक्स ठेवते. उमेदवाराला काय काय जमलं पाहिजे याची यादीच आहे तिथे. आरसा लावून घेणं, गाडी झटका न देता उचलणं, टॉप गियरपर्यंत जाणं आणि गरज पडली की पटकन खाली येणं, चढावर थांबून मागे न सरकता पुन्हा निघणं, डावी-उजवी वळणं, ओव्हरटेक करणं आणि दुसऱ्याला करू देणं, लेन बदलणं, अचानक थांबणं, रिव्हर्समध्ये अरुंद जागेत शिरणं, पायी चालणाऱ्यांशी सौजन्याने वागणं. यातलं तुमच्या वाट्याला त्या दिवशी काय येईल ते इन्स्पेक्टर ठरवणार. तयारी सगळ्याची हवी.

मैदानावर स्टीअरिंग हातात बसतं, पायाला क्लच कळतो. तेवढं झालं की मैदान सोडायचं. पुढे माझी पद्धत अशी की यादीतल्या एकेका गोष्टीला नाशिकमधला एकेक रस्ता नेमून द्यायचा आणि त्या रस्त्यावर त्या दिवशी तेवढंच घोटायचं. चढाला गेलो तर चढच, रिव्हर्सला गेलो तर रिव्हर्सच. एका फेरीत सगळं करायला निघालेला माणूस घरी येतो तेव्हा त्याला फक्त घाम आलेला असतो.

आधी कागदाचं उरकून टाकू. लर्निंग लायसन्स निघाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सच्या टेस्टला बसता येत नाही, आणि लर्निंगची मुदत सहा महिन्यांची. म्हणजे मध्ये पुरेसा वेळ आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातली तारीख धरून चालावं. सहावा महिना उजाडला की माणूस गाडीपेक्षा कॅलेंडरकडे जास्त बघतो. वयाची चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो. गाडीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटिमीटर उंच, असं नियमातच आहे. नखाएवढं स्टिकर चालत नाही.

शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा, आणि तोही असा की वेळ आली तर गाडी थांबवू शकेल. घरच्या गाडीत याचा अर्थ त्याचा हात हँडब्रेकपाशी. बाजूला बसलेला मोबाईल बघत असेल तर ती तुमची सोबत नाही, सवारी आहे. हल्ली काही गाड्यांना हँडब्रेकच्या जागी नुसतं बटण असतं. तशी गाडी शिकण्यासाठी घेऊ नका. नवऱ्याकडून शिकू नका असंही मी कुणाला म्हणत नाही. फक्त चढ त्याच्याकडून शिकू नका.

चढ: घारपुरे घाट, मग मालेगाव स्टँड

जुनं नाशिक नऊ टेकड्यांवर वसलंय म्हणतात. नकाशात त्या टेकड्या दिसत नाहीत, क्लच शिकताना बरोबर सापडतात. चढासाठी मी रामवाडी पुलाकडून अशोक स्तंभाकडे येणारा घारपुरे घाटाचा रस्ता घेते. सकाळी सहा-साडेसहाला. त्या वेळी मागून येणारी गाडी आरशात लांबूनच दिसते आणि तिला बाजूने जायला जागाही असते.

चढाच्या मध्यावर गाडी डावीकडे घ्या, थांबा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय काढा. गाडी हँडब्रेकवर उभी राहते की नाही हे आधी बघून घ्या. नसेल राहत तर आजचा धडा संपला, गाडी मेकॅनिककडे. राहिली तर पहिला गियर टाका आणि क्लच हळूहळू सोडायला लागा. टाच गाडीच्या तळाला टेकलेली, हलतोय तो फक्त चवडा. एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो, बोनेट बोटभर वर उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथेच थांबवायचा. हाच हाफ क्लच. आता उजव्या पायाने थोडी रेस, आणि मगच हँडब्रेक खाली. गाडी जागेवर उभी राहील किंवा पुढे जाईल. मागे गेली तर क्लच अजून जागेवर आलेला नव्हता.

मागे गेली की नाही हे अंदाजाने ठरवू नका, कारण समोर बघत असताना वीतभर सरकलेलं कळत नाही. बाजूच्या खिडकीतून एखादा विजेचा खांब धरून ठेवा. खांब काचेत पुढे सरकताना दिसला तर गाडी मागे चाललीय. नियमात हँडब्रेक वापरून किंवा पायाचा ब्रेक आणि रेस यांचा मेळ घालून, दोन्ही प्रकारे चालतं. पण नवशिक्याला माझा सल्ला हँडब्रेकचाच. पायाच्या ब्रेकवरून रेसवर जायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पाय चुकतो.

हे शांतपणे जमायला लागलं की तोच चढ सकाळी दहाला. आता मागे रिक्षा असते आणि रिक्षाचा हॉर्न असतो. सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे शिकायचे. सहा वाजता चढ असा चढायचे की मला बोलायला काही उरायचं नाही. दहा वाजता पहिला हॉर्न वाजला की क्लच एकदम सोडून गाडी बंद पाडायचे. त्यांना मी एकच विचारायचे, "काका, हँडब्रेक वर आहे ना?" "आहे." "मग वाजवू दे त्याला." काकांना ते पटलं तेव्हा त्यांनी आरशात बघून रिक्षावाल्याला हात केला, पुढे जा म्हणून. रिक्षावाला गेला निघून. गाडी बंद पडली तरी पद्धत तीच: हँडब्रेक, न्यूट्रल, चावी, आरसा, मग पहिला गियर. टेस्टमध्येही बंद पडली तर हेच, याच क्रमाने, घाई न करता.

त्यानंतर मालेगाव स्टँडचा उतार. होळकर पुलाकडून पंचवटी कारंजाकडे जाताना तो चढ असतो, परत येताना उतार. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, त्या दिवशी तिकडे एलची पाटी लावून जाऊ नका. उतरताना एक सवय आत्ताच मोडून टाका: पेट्रोल वाचवायचं म्हणून न्यूट्रल करायचं. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या उतारावर गियरमध्ये, रेसवरून पाय काढून सोडल्या की इंजिनला इंधन जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला लागतंच. आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते आजही खरं आहे. अरुंद चढावर समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं. हा शिष्टाचार नाही, नियम आहे.

गियर: पेठ रोड

गियरसाठी लांब आणि सरळ रस्ता लागतो. आरटीओ मागे टाकून पेठ रोडनेच पुढे जायचं, रामशेज किल्ला समोर दिसायला लागतो, आणि आशेवाडी फाट्याला वळून परत यायचं. हा रस्ता गुजरातकडे जातो, ट्रक भरपूर. ट्रक मागे लागला की लोक घाबरून वेग वाढवतात. वाढवू नका. डावीकडे या, त्याला जाऊ द्या. 'दुसऱ्याला ओव्हरटेक करू देणं' हेही यादीत आहे आणि त्याचा सराव शहरात होत नाही, इथेच होतो.

गियर बदलायला स्पीडोमीटरकडे बघायची गरज पडू नये. इंजिन ओरडायला लागलं की वरचा, धापा टाकायला लागलं की खालचा. एसी आणि गाणी बंद, काचा खाली, तरच हे ऐकू येतं. जाताना वर चढवत जा. येताना मुद्दाम एखादं झाड ठरवा आणि त्या झाडापर्यंत चौथ्यावरून दुसऱ्यावर या, गाडीला हिसका न बसता. हिसका बसला तर क्लच लवकर सुटला. गियरच्या दांडीकडे बघण्याची खोड असेल तर शेजारच्या माणसाला दांडीवर रुमाल टाकायला सांगा.

वळणं आणि सर्कल

डावं वळण सोपं वाटतं म्हणून तिथेच चुका होतात. आधी आरसा, मग इंडिकेटर, मग वेग कमी आणि दुसरा गियर, आणि मग स्टीअरिंग. बहुतेक जण इंडिकेटर आणि स्टीअरिंग एकदमच फिरवतात. मागच्याला त्याचा काही उपयोग नाही. गंगापूर रोडला समांतर असलेल्या कॉलन्यांमध्ये दुपारी दोन ते चार चौकोनी फेऱ्या मारा, आधी सगळी डावी वळणं, मग उलट्या दिशेने सगळी उजवी. कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला म्हणजे हात आपोआप चालायला लागले.

सर्कलसाठी मायको सर्कल आणि पुढे एबीबी सर्कल. सर्कलमध्ये जो आधीच फिरतोय त्याचा हक्क पहिला, आत शिरणाऱ्याने थांबायचं. नाशिकमध्ये हे कुणी पाळत नाही असं तुम्ही म्हणाल. टेस्ट इतर नाशिककरांची नाही, तुमची आहे. सातपूर, अंबडच्या शिफ्ट सुटण्या-भरण्याच्या वेळा टाळा. सकाळी सातला आणि दुपारी तीनला त्या भागात दुचाक्यांचा लोंढा असतो, आणि त्यात शिकण्यासारखं फक्त धीर धरणं आहे.

एक सूचना. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातले रस्ते आणि चौक सारखे बदलताहेत. गेल्या आठवड्यात जिथे वळलात तिथे आज बॅरिकेड असू शकतं. शिकायला जायच्या आधी शेजारच्या माणसाने तो रस्ता एकदा स्वतः बघून यावा. द्वारका आणि मुंबई नाका मी सगळ्यात शेवटी ठेवते, तेही रविवारी सकाळी. तिथे लेन धरून ठेवणं आणि वेळेत बदलणं एवढंच बघायचं: आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून एक नजर, मग सरकणं. उड्डाणपुलावर चढायची घाई नको, खालचा सर्व्हिस रोड पुरेसा शिकवतो.

गंगापूर रोड मात्र सकाळी घ्याच. फिरायला निघालेली मंडळी, कुत्र्यांना घेऊन निघालेली मंडळी, आणि सायकलवाले. २०१५ मध्ये इथल्या महाजन बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली, तेव्हापासून तर मला प्रत्येक वळणावर हेल्मेटवाले सायकलस्वार दिसतात. सायकलच्या बाजूने जाताना मध्ये एक माणूस चालेल एवढी जागा सोडा. तेवढी मिळत नसेल तर मागे राहा. दुसऱ्या गियरमध्ये सायकलच्या मागे न कुरकुरता जाता आलं पाहिजे. आणि केटीएचएमसमोरून कॉलेज सुटायच्या वेळी एकदा तरी जा, पण पहिल्या पंधरवड्यात नको.

अरुंद रस्त्यासाठी मखमलाबादहून मातोरी, मुंगसरे. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, समोरून ट्रॅक्टर. हंगामात, फेब्रुवारी-मार्चला, क्रेट भरलेल्या पिकअप सुसाट येतात. समोरची गाडी दिसली की आधी वेग कमी करायचा, मग डावं चाक साईडपट्टीवर घ्यायचं. लोक उलट करतात: वेगातच साईडपट्टीवर उतरतात आणि मातीत चाक घसरलं की दचकून स्टीअरिंग उजवीकडे ओढतात. पावसाळ्यात साईडपट्टी भुसभुशीत असते, तेव्हा सरळ थांबलेलं बरं.

रिव्हर्स

रिव्हर्सला लोक घाबरतात कारण त्याचा सराव गेटमधून गाडी बाहेर काढण्यापुरताच झालेला असतो. मी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वापरते. मोकळ्या प्लॉटवर दोन बाटल्या, मध्ये गाडीच्या रुंदीपेक्षा दोन हात जास्त जागा. बाटली पडली तर आवाज येतो आणि बम्पर वाचतो. आधी सरळ मागे, मग डावीकडून आत, मग उजवीकडून. रोज जागा वीतभर कमी करायची.

वेग पूर्णपणे क्लचवर, रेस लागतच नाही. डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, मान वळवून मागच्या काचेतून बघायचं, आरसे मध्येमध्ये. कॅमेरा असेल तर सरावात त्यावर कापड टाका. टेस्टला नेणार त्या गाडीत तो असेलच असं नाही. गाडीचा मागचा भाग जिकडे न्यायचाय तिकडेच स्टीअरिंग फिरवायचं. हे तोंडपाठ असूनही हात गोंधळतात, आणि त्याचं कारण नेहमी वेग असतो. गोंधळ झाला की थांबा. थांबलेली गाडी कुणाला धडकत नाही.

बाटल्या जमल्या की इंदिरानगर, राजीवनगरच्या गल्ल्या, दुपारी. दोन्ही बाजूंना लावलेल्या ॲक्टिव्हा, एखादं तुळशीचं कुंडं रस्त्यावर आलेलं, गेटातून बाहेर येणारं मूल. मुख्य गल्लीतून रिव्हर्समध्ये उपगल्लीत शिरायचं. यादीतलं 'अरुंद जागेत शिरणं' म्हणजे हेच. मागे फिरताना गाडीचं नाक उलट्या बाजूला किती बाहेर जातं हे इथे पहिल्यांदा लक्षात येतं, कारण तिथे कुणाची तरी ॲक्टिव्हा असते.

अचानक थांबण्याचा सराव मागे-पुढे कुणी नसलेल्या रस्त्यावरच करा. ब्रेक आधी, क्लच गाडी थांबता थांबता. दोन्ही एकदम दाबले तर इंजिनचा रोध जातो. यावर याहून जास्त बोलण्यासारखं नाही, करून बघा.

शेवटचा आठवडा

आता आरटीओभोवतीचा परिसर. पेठ नाका, आरटीओ कॉर्नर, म्हसरूळ, मखमलाबाद, परत. हे रस्ते पाठ करायचा हेतू टेस्ट तिथेच होईल हा नाही. ओळखीच्या रस्त्यावर डोकं मोकळं राहतं, स्पीडब्रेकर कुठे आहे हे शोधावं लागत नाही आणि आरशात बघायला सवड मिळते. तुमच्या टेस्टच्या वेळेलाच फेरी मारा. पेठ रोडला बाजार समितीचं यार्ड आहे, भाजीपाल्याच्या गाड्या कधी दाटतात ते बघून ठेवा. चैत्रात आणि नवरात्रात दिंडोरी रोडने वणीला पायी जाणाऱ्यांची रांग असते. तेव्हा त्या बाजूला वेग रांगण्याचा. श्रावणी सोमवारी त्र्यंबक रोडचा विचारच करू नका.

जी गाडी टेस्टला नेणार तिच्यावरच हा आठवडा काढा. क्लासची गाडी आणि घरची गाडी यांचा क्लच वेगवेगळ्या जागी लागतो. गाडीचं आरसी, विमा, पीयूसी चालू मुदतीचं हवं. विमा संपलेला असल्याचं अनेकांना रांगेत कळतं. लर्निंगचं प्रिंट, सारथी पोर्टलवरची अपॉइंटमेंट स्लिप, आधार एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. पायात घट्ट बसणारा बूट किंवा सँडल, सुटी चप्पल नको. ओढणी असेल तर आवरून बांधलेली.

गाडीत बसल्यावर सीट, आरसे, सीटबेल्ट, न्यूट्रल, मग चावी. सीट अशी की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा जरा वाकलेला राहील. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसली पाहिजे, बाहेरच्या आरशात आपल्या गाडीची फक्त एक बारीक पट्टी. आरसा लावलेलाच असला तरी हात लावून बघा. इन्स्पेक्टरला तुमचे डोळे दिसत नाहीत, हात दिसतो. निघताना इंडिकेटर, आणि निघाल्यावर तो बंद झाला का ते बघणं. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका. ते बाजूला बसलेल्याला लगेच कळतं. सूचना नीट ऐकू आली नाही तर विचारा, "सर, उजवीकडे ना?" त्याचे गुण कुणी कापत नाही.

नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा झालात तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. नेमकं काय चुकलं ते तिथेच विचारून घ्या आणि घरी न जाता लिहून ठेवा, कारण संध्याकाळपर्यंत त्याची गोष्ट झालेली असते आणि गोष्टीत चूक नेहमी दुसऱ्याची असते. चढ चुकला असेल तर घारपुरे घाट, रिव्हर्स चुकला असेल तर बाटल्या. बाकीचे रस्ते त्या आठवड्यात बंद.

पास झालात तर कार्ड पोस्टाने घरी येतं. तोवर डिजिलॉकरमधलं लायसन्स पोलिसाला दाखवलेलं चालतं. फक्त अर्जातला पत्ता आज परत एकदा तपासा. कॉलनीचं नाव आणि जवळची खूण नसेल तर नाशिकच्या नव्या वस्त्यांमध्ये पोस्टमनलाही घर सापडत नाही.